तोरसकर, किल्ल्या घेण्याआधी

किल्ल्या टेबलावर आहेत. पंपाची वेगळी,
विहिरीच्या जाळीची वेगळी, ती जरा हिसका देऊन लागते.
घराचं सगळं कागदावर आलं.
परड्याचं काही आलं नाही,
म्हणून पाच मिनिटं माझ्याबरोबर फिरा.

पायरीच्या डावीकडे, जिथं काही नाही,
तिथं मी लॉन लावलं होतं.
बहिणीकडे पाहिलेलं, कोथरूडला.
इथं वीतभर माती, खाली सगळा कातळ.
मार्चमध्ये अनवाणी उभे राहा, कळेल.
गवताला टँकर मागवला, हो, गवताला,
शिरोड्यात अजून हसतात.
एप्रिलात ते पिवळं पडून मेलं
आणि जूनमध्ये कुणी न लावता टाकळा उगवला.
त्याची भाजी मात्र झाली.

समुद्र दिसत नाही म्हणून फसू नका.
तो वाऱ्यातून येतो.
पश्चिमेच्या कडेला चौदा गुलाब होते,
पानांच्या कडा करपायला लागल्या,
मला वाटलं, तहान.
घातलं पाणी. आणखी घातलं.
वरून खार, खालून माझी माया,
आषाढ बघायला एकही उरला नाही.
आता तिथं उंडी आहे. ती वारा खाते.
तिच्या आड जास्वंद,
जास्वंदीच्या आड तुमचे जे काय लाड असतील ते.

खरेदीखतात 'हापूस कलम, एक' असं लिहिलंय.
ते खोटं आहे, माफ करा.
यांनी कंबरभर खड्डा खणला,
ओलं शेण ओतलं (वाळवीला आमंत्रणच),
आणि कलमाचा जोड मातीखाली गाडून
वर पायानं दाबला, चांगला, प्रेमानं.
शेवंता धुरी गडग्यावरून बघत होती.
"झाड लावतास काय मढा पुरतास?"
आम्ही हसलो. ती हसली नव्हती.
हापूस वाळला, बुंध्यातून रायवळ फुटला.
आंबट आहे. लोणच्याला बरा.

माड भिंतीपासून आठ फुटांवर.
हातभर रोप असताना आठ फूट खूप वाटतात.
दरवर्षी कौलं बदलते.
पाडेल्याचा नंबर फ्रिजच्या दारावर आहे,
पावसाआधी बोलवा, तो नंतर येत नाही.

पाला जाळू नका.
अंगण स्वच्छ दिसावं म्हणून बारा वर्षं जाळला मी,
आणि खताच्या पिशव्या वेंगुर्ल्याहून रिक्षानं आणल्या.

आता हा रातांबा.
बी रुजवून लावलेला, फुकटचा.
सात वर्षं वाट बघितली. फुलं आली, फळ नाही.
कृषी खात्याच्या माणसानं एक फूल चिमटीत फिरवलं,
नर आहे म्हणाला.
बियांचं असंच, कलम घ्यायचं होतं.
तोडा, नाहीतर मादीची काडी बांधा.
हे म्हणाले, उद्या बघू.
यांचे उद्या पुष्कळ होते,
नंतर एके दिवशी संपले.

तोपर्यंत गडग्यापलीकडे
शेवंताचा रातांबा लाल व्हायला लागला होता,
जो आधी पाच-दहा फळांवर भागवायचा.
त्यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.
मे संपता संपता आगळाची बाटली
आमच्या पायरीवर असते, बस.
यंदा ती तुमच्या पायरीवर येईल.
नको म्हणू नका.
परत करताना रिकामी देऊ नका,
टाकळा तरी पाठवा.
झाड तुमचं आहे, तोडा हवं तर,
पण आधी तिला विचारा.

निघते. रिक्षा थांबलीय.
अबोलीला आज पाणी नको.
सकाळी घातलंय मी.
दोनदा.